‘-कर’ आडनावांची परतवाट : बेने इस्रायल समाजाच्या कोकणभेटी आणि वारसा-पर्यटनाची घडण

१. प्रश्नाचे स्वरूप

पर्यटनाच्या अभ्यासात ‘पर्यटक’ या शब्दाची जी रूढ व्याख्या आहे, तिच्यात आपल्या नेहमीच्या वास्तव्याच्या जागेबाहेर काही काळ जाणारी आणि तेथे कमाईसाठी न राहणारी व्यक्ती अभिप्रेत असते. या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जेथे जायचे ती जागा जाणाऱ्याला परकी असते, हे ते गृहीत. परदेशी स्थायिक झालेला माणूस आपल्या किंवा आपल्या वाडवडिलांच्या गावी येतो तेव्हा हे गृहीत कोलमडते. तो पासपोर्टाच्या दृष्टीने परका असतो आणि आडनावाच्या दृष्टीने घरचा. सरकारी नोंदीला पासपोर्ट दिसतो, आडनाव दिसत नाही. गावाच्या स्मरणाला मात्र आडनाव पुरेसे असते.

भारतापुरते बोलायचे तर या नोंदींचा इतिहासही बोलका आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालय दीर्घकाळ केवळ परदेशी पासपोर्टधारक पर्यटकांची गणना प्रसिद्ध करीत असे. भारतीय पासपोर्ट बाळगणारे अनिवासी भारतीय मायदेशी येत, तेव्हा ते या गणनेत धरले जात नसत. २०१४ या वर्षापासून त्यांचीही संख्या मिळवून ‘आंतरराष्ट्रीय पर्यटक आगमन’ असा व्यापक आकडा दिला जाऊ लागला. २०१९ साली परदेशी पर्यटकांची संख्या सुमारे १ कोटी ९ लाख होती, तर अनिवासी भारतीयांच्या आगमनाची संख्या सुमारे ७० लाख होती. म्हणजे बाहेरून येणाऱ्या दर पाच जणांपैकी जवळजवळ दोन जण भारताचेच नागरिक होते. उरलेल्या तिघांमध्येही मूळ भारतीय वंशाचे, परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेले अनेक जण असणार हे उघड आहे. मायदेशभेट ही पर्यटनाच्या कडेला घडणारी किरकोळ घटना नसून त्याचा एक मुख्य प्रवाह आहे, एवढे या आकड्यांवरून निश्चित होते.

तथापि आकडे येणाऱ्यांची संख्या सांगतात; येण्याने काय घडते हे सांगत नाहीत. प्रस्तुत निबंधात त्यासाठी एक लहान, परंतु मराठीच्या अभ्यासकाला जवळचे असे उदाहरण घेतले आहे. ते आहे कोकणातून मुंबईला आणि पुढे इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाचे. या समाजाच्या कोकणभेटींचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट लक्षात येते. एखादे स्थळ ‘प्रेक्षणीय’ म्हणून पुढे येण्याच्या कितीतरी आधी, ते सोडून गेलेली माणसेच वारंवार परतून त्या स्थळाला नाव, वाट आणि राखणदार मिळवून देत असतात. शासन, मार्गदर्शक पुस्तिका आणि प्रवासी कंपन्या मागाहून येतात.

२. आडनावांचा नकाशा

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जलमार्गाने येत असताना चौलच्या परिसरात नौगावजवळ त्यांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच जिवंत किनाऱ्याला लागले. बुडालेल्यांची प्रेते नौगाव येथे पुरण्यात आली, असे ही परंपरा सांगते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथून प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात ही घटना इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली मानली आहे. या कालनिर्णयाबद्दल विद्वानांत एकमत नाही. परंतु परंपरेचा ऐतिहासिक पुरावा म्हणून विचार करणे वेगळे आणि परंपरेने घडवलेल्या वर्तनाचा विचार करणे वेगळे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरी बाजू महत्त्वाची आहे. नौगाव हे एका समाजाचे आदिस्थान ठरले, ते या कथेमुळे.

कोकणात हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. त्यामुळे त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव मिळाले. भाषा मराठी, वेष आणि आहार बहुतांशी कोकणी, आणि आडनावे गावांवरून पडलेली. किहीमचे केहिमकर, दिवेचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर, नौगावचे नौगावकर. अशा आडनावांची यादी नकाशावर मांडली तर आजच्या रायगड जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा, किनारा आणि खाडीपट्टा जवळजवळ पूर्ण भरून निघतो. सणांची नावेही अशीच मातीतली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दार फळण्याचा सण, बिरड्याचा सण ही नावे हिब्रू पंचांगातील दिवसांना मराठी घराने दिलेली आहेत.

गावाचे नाव आडनावात घेऊन फिरणे हे महाराष्ट्रात नवे नाही. मात्र येथे त्याला विशेष अर्थ प्राप्त होतो. ज्या समाजाकडे जमिनीची मोठी वतने नव्हती, शिलालेख नव्हते आणि प्राचीन लिखित कागदपत्रेही नव्हती, त्याच्यापाशी मूळ स्थानाचा एवढाच टिकाऊ दस्तऐवज होता. पुढे तिसऱ्या-चौथ्या पिढीतील एखादा नातू परदेशातून येऊन गावाची चौकशी करतो, तेव्हा त्याच्या हाती प्रारंभी हेच ‘-कर’ असते.

३. पहिली परतवाट : मुंबई ते रेवस

बेने इस्रायलांच्या स्थलांतराची चर्चा बहुधा १९४८ पासून सुरू केली जाते. ते अपुरे आहे. त्यांचे पहिले मोठे स्थलांतर अठराव्या शतकात कोकणातून मुंबईकडे झाले. कंपनी सरकारच्या सैन्यात, गोदीत, बांधकामात आणि नंतर शाळा, रेल्वे व कचेऱ्यांत त्यांना काम मिळाले. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडून सुटका झाल्याबद्दलचा हा नवस होता, असे सांगितले जाते. समाजात सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणण्याचा प्रघात होता. मस्जिद बंदर या स्थानकाचे नाव या वास्तूवरून पडले असावे, असेही एक मत प्रचलित आहे.

लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिल्यानंतर कोकणातील सिनेगॉगे उभी राहिली. रेवदंड्याचे १८४२ मधले, अलिबागचे १८४८ मधले, पनवेलचे १८४९ मधले आणि पेणचे १८६३ मधले. हा क्रम सूचक आहे. शहरात गेलेल्या माणसांना पैसा, संघटना आणि धर्मशिक्षण मिळाले, आणि त्याचा काही भाग गावाकडे परत वाहिला. मुंबईत छापखाना होता. हागादाची मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये निघालेली आवृत्ती हा या समाजाच्या मराठी मुद्रणाचा ठळक नमुना आहे. अशा पुस्तकांची वाटही शहराकडून गावाकडे जाणारीच होती. तेव्हा गावचे सिनेगॉग हे केवळ गावात मागे राहिलेल्यांचे स्मारक नव्हे. ते बाहेर गेलेल्यांच्या परतभेटींचेही फलित आहे.

मुंबईकर बेने इस्रायल सणासुदीला, लग्नकार्याला आणि नवस फेडण्याला गावी येत. त्यांचा प्रवास इतर चाकरमान्यांच्या प्रवासाहून निराळा नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवस किंवा धरमतर गाठायचे आणि पुढे टांग्याने, बैलगाडीने किंवा पायी गावाकडे जायचे, हीच त्याची रीत. या जलमार्गाची जोखीमही सर्वांना सारखीच होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोकणातील घरांसाठी ही परतभेटीच्या इतिहासातली सर्वांत मोठी जखम आहे. गावाकडे जाण्याची ओढ ही किती मोठी सामाजिक शक्ती होती आणि तिला वाहून नेणारी साधने किती दुबळी होती, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

या भेटींचे केंद्र असलेले एक स्थळ म्हणजे अलिबागजवळील खंडाळे. तेथील एका खडकावरील खुणा एलियाहू हन्नबीच्या रथाच्या व घोड्याच्या मानल्या जातात. संदेष्टा एलियाहू येथून स्वर्गास गेला, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. तू बिश्वात या वृक्षांच्या सणाला येथे जमण्याची प्रथा ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’ या नावाने ओळखली जाते. ‘उरूस’ हा शब्द कोकणातील मुसलमान शेजाराकडून आलेला, विधीतील प्रार्थना हिब्रू, आणि प्रसाद मलिद्याचा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, सुकामेवा आणि फळे यांचा. जगातील अन्य यहुदी समाजांत न आढळणारा हा विधी कोकणाच्या भूमीशी जखडलेला आहे. म्हणूनच तो करण्यासाठी कोकणात यावे लागते, किंवा कोकण आठवावे लागते.

४. दुसरे स्थलांतर आणि अडवलेली वाट

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली आणि बेने इस्रायलांचे दुसरे स्थलांतर सुरू झाले. ते एकाएकी झाले नाही. प्रारंभी थोडी कुटुंबे गेली, नंतर नातेवाईक, शेजारी, सिनेगॉगचे सहकारी अशी साखळी लागली. बेरशेबा, डिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी बोलणाऱ्या वस्त्या निर्माण झाल्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनांत इस्रायलमधील भारतीय वंशाच्या यहुद्यांची संख्या सुमारे ८५ हजार दिली जाते. कोचीनी, बगदादी व ईशान्येकडील समूह त्यात मिळवलेले असले तरी सर्वांत मोठा गट बेने इस्रायलांचाच आहे. याउलट भारतात सर्व यहुदी मिळून साडेचार हजारांच्या आसपास उरले. मूळ भूमीपेक्षा परभूमीत समाजाची संख्या कितीतरी पट अधिक, अशी ही स्थिती आहे.

या स्थलांतरातील पहिली सामूहिक परतभेट आनंदाची नव्हती. रंगभेदाची वागणूक, कामाची व घरांची टंचाई यांना कंटाळून काही बेने इस्रायल कुटुंबांनी तेथे धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. १९५२ मध्ये त्यांच्यातील एक गट विमानाने मुंबईस परत आणण्यात आला. त्यांपैकी अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली. दोन्ही ठिकाणी घर आहे आणि दोन्ही ठिकाणी ते पुरेसे नाही, ही स्थलांतरिताची कोंडी या घटनेत उघडी पडली. पुढे विवाहाच्या संदर्भात बेने इस्रायलांच्या यहुदीपणाविषयीच तेथील धर्मपीठाने शंका उपस्थित केली. त्याविरुद्ध दीर्घ लढा द्यावा लागला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असे जाहीर केले.

या लढ्याचा कोकणभेटींशी सूक्ष्म संबंध आहे. ज्या समाजाला आपल्या अस्सलपणाचा पुरावा मागितला जातो, त्याला आपल्या मूळ स्थानाची आठवण केवळ भावनिक राहत नाही. नौगावची दफनभूमी, गावोगावची सिनेगॉगे, शनिवारी बंद राहणारा घाणा या गोष्टी त्याच्या कैफियतीतील साक्षी ठरतात. मायदेशाचे दर्शन घेणे म्हणजे आपण कोण आहोत याची शहानिशा करणे, असा अर्थ या भेटींना प्राप्त झाला.

परंतु ती वाट सोपी नव्हती. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली आणि मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास सुरू झाला, तरी पूर्ण राजनैतिक संबंध जवळजवळ चार दशके प्रस्थापित झाले नाहीत. प्रवास वळणाचा आणि नव्या वस्त्यांतील कामगार कुटुंबांना न परवडणारा होता. एक संपूर्ण पिढी या काळात कोकण न पाहता वाढली. तिच्यापर्यंत कोकण पोहोचले ते आजीच्या बोलण्यातून, मलिद्याच्या ताटातून, हळदी-मेंदीच्या समारंभांतून आणि १९८०च्या दशकात इस्रायलमध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकातून. आठवणीतले कोकण आणि प्रत्यक्षातले कोकण यांच्यात या काळात जे अंतर पडले, त्याचे परिणाम पुढच्या भेटींत दिसतात.

५. १९९२ नंतरच्या भेटी

जानेवारी १९९२ मध्ये दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध स्थापन झाले. प्रवासाचे परवाने सुलभ झाले आणि मुंबई व तेल अवीव यांच्यात थेट विमानसेवाही उपलब्ध झाली. त्याच काळात नव्या वस्त्यांतील दुसरी पिढी आर्थिकदृष्ट्या स्थिरावली होती. त्यामुळे भेटींना गती आली.

या भेटींचे साधारण तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार नातेवाइकांकडे येण्याचा. यात मुक्काम ठाणे, मुंबई किंवा पनवेलच्या घरी असतो आणि गावाकडची फेरी एका दिवसाची असते. दुसरा प्रकार कौटुंबिक यात्रेचा. एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या तीन पिढ्या एकत्र निघतात, आजोबांचे घर शोधतात, कबरींवर प्रार्थना करतात, खंडाळ्याला मलिदा करतात. तिसरा प्रकार आखीव सहलीचा. यात मुंबईची सिनेगॉगे, पेण, अलिबाग, नौगाव, रेवदंडा आणि पुण्याचे ‘लाल देऊळ’ अशी स्थळे एका माळेत गुंफलेली असतात. पुण्याचे हे सिनेगॉग बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनी बांधावयास घेतले आणि ते १८६७ मध्ये पूर्ण झाले. बेने इस्रायलांच्या कोकणाशी त्याचा थेट संबंध नाही. तरीही ते माळेत आले, याचा अर्थ कुटुंबाची वाट हळूहळू ‘यहुदी वारशाची वाट’ बनत आहे. पहिल्या प्रकारातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा असा हा विकास आहे. तिसऱ्या प्रकारात अमेरिका व युरोपातील यहुदी पर्यटक, तसेच वास्तुकला आणि इतिहासात रस असलेले मराठी प्रवासीही सामील होतात. ज्यांचे मूळ येथे नाही, अशांसाठी ही वाट आधी मळवली ती ज्यांचे मूळ येथे आहे त्यांनी.

या भेटींचे एक फलित पैशात मोजता येत नाही. यहुदी सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक असते. तिला मिन्यान म्हणतात. कोकणातील गावांत आता बेने इस्रायलांची मोजकीच कुटुंबे उरली आहेत. तेथे दहा जण जमणे ही रोजची गोष्ट राहिलेली नाही. बाहेरून कुटुंबांचा एखादा गट येतो तेव्हा ही संख्या पूर्ण होते आणि तोरा बाहेर काढून वाचता येते. म्हणजे पाहुण्याच्या येण्याने सिनेगॉग त्या दिवसापुरते खऱ्या अर्थाने सिनेगॉग होते. सामान्य पर्यटक स्थळ पाहतो. मायदेशी परतलेला माणूस स्थळाला त्याचे काम परत देतो. या दोहोंतील फरक येथे जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

दुसरे फलित देखभालीचे आहे. दफनभूमीचे कुंपण, छपराची दुरुस्ती, नौगावचा स्मारकस्तंभ या गोष्टींना जगभरच्या बेने इस्रायलांच्या आस्थेचा आधार आहे. प्रत्यक्ष राखण करणारे हात मात्र अनेकदा इतर समाजांचे असतात. मुंबईतील काही सिनेगॉगांत पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान सेवक काम करीत आले आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अलिबागची ‘इस्रायल आळी’ आज नावाने जितकी बेने इस्रायलांची, तितकीच शेजाऱ्यांच्या स्मरणाची आहे. परतलेल्या पाहुण्याला आजोबांचे घर दाखवतो तो बहुधा शेजाऱ्याचा नातू. यजमान गावाच्या स्मृतीशिवाय वारसा-पर्यटन उभे राहू शकत नाही.

या वाटेवर खंडही पडले. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊस येथील यहुदी केंद्र लक्ष्य झाले. त्यानंतर यहुदी स्थळांभोवती पहारा वाढला आणि सहज आत डोकावण्याची मुभा संपली. २०२०ची महासाथ आणि ऑक्टोबर २०२३ पासूनचा युद्धकाळ यांनीही येणे-जाणे रोखले. तरी सवलतींच्या दिशेने काही पावले पडली. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ योजनेने भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आयुष्यभराचा प्रवेश परवाना दिला. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांना या योजनेत अडचण येत असे. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्या देशाच्या भेटीत तीही दूर करण्याची घोषणा केली. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहनेही नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि जुन्या रेवस-मार्गाची आठवण नव्या स्वरूपात परतली.

६. अर्थकारणाचा विचार

मायदेशी येणारा माणूस हॉटेलात कमी राहतो, म्हणून त्याचे आर्थिक योगदान कमी, असा समज प्रचलित आहे. तो अर्धसत्य आहे. नातेवाइकाकडे उतरणाऱ्याचा खर्च हॉटेलमालकाकडे जात नसला तरी तो अधिक विखुरलेला आणि अधिक खोलवर जाणारा असतो. तो भाड्याच्या गाडीवर, बाजारातील मसाल्यांवर, साड्या व बांगड्यांवर, लग्नाच्या खरेदीवर, भेटवस्तूंवर, देणग्यांवर आणि ज्याने कुलूप उघडून दिले त्याच्या हातावर ठेवलेल्या रकमेवर होतो. शिवाय हा प्रवासी मोसम पाहत नाही, सणांचे पंचांग पाहतो. अलिबागच्या किनाऱ्यावरचा पर्यटक शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात येतो; खंडाळ्याचा यात्रेकरू तू बिश्वातला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतो. तो गर्दीच्या स्थळांकडे न जाता आडबाजूच्या गावांत जातो. त्यामुळे त्याची संख्या लहान असली तरी तिचा लाभ अशा ठिकाणी पोहोचतो, जेथे अन्य पर्यटन पोहोचत नाही.

शेजारच्या प्रदेशांशी तुलना केली असता या उदाहरणाची मर्यादा व वैशिष्ट्य दोन्ही स्पष्ट होतात. गोव्यातून मुंबई, पूर्व आफ्रिका, आखाती देश आणि पोर्तुगाल येथे गेलेले गोवेकर नाताळला, गावच्या फेस्ताला आणि सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला परततात. हे प्रदर्शन साधारणतः दहा वर्षांनी भरते. २०१४-१५ नंतरचे २०२४-२५ मध्ये झाले. तेथे परतणाऱ्यांचे गावात घर असते, कुटुंबाचा वाटा असतो, चर्चमध्ये वर्षभर उपासना चालू असते. परतभेट तेथे चालू जीवनात मिसळून जाते. दुसऱ्या टोकाला मॉरिशसचे मराठी आहेत. १८३४ नंतरच्या काळात करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव व मराठी भाषा निष्ठेने जपली. पण अनेकांना मूळ गाव नेमके ठाऊक नाही. त्यांची भारतभेट गावापेक्षा पंढरपूर, मुंबई, पुणे अशा सामायिक प्रतीकांकडे वळते. बेने इस्रायल या दोहोंच्या मध्ये आहेत. त्यांना गाव ठाऊक आहे, पण गावात घर नाही.

७. केरळचा धडा

अशा मधल्या स्थितीचे पुढे काय होते, हे केरळच्या उदाहरणावरून पाहता येते. कोचीनी यहुदी १९५०च्या दशकात मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. मट्टांचेरीचे १५६८ मधले परदेसी सिनेगॉग जगभरच्या पर्यटकांचे आकर्षण झाले, तर चेंदमंगलम येथील जीर्ण सिनेगॉग दुरुस्त होऊन २००६ मध्ये संग्रहालय म्हणून खुले करण्यात आले. परूरच्या सिनेगॉगचाही असाच जीर्णोद्धार झाला. जतन उत्तम झाले, यात वाद नाही. परंतु तेथे उपासना संपल्यानंतर जतन सुरू झाले.

कोकणात तो क्षण अद्याप आलेला नाही. अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे येथील सिनेगॉगांभोवती संख्येने लहान असली तरी जिवंत मंडळी आहे. म्हणून येथील प्रश्न अधिक नाजूक आहे. वास्तू पर्यटनासाठी सज्ज करायची की उपासनेसाठी टिकवायची? तिकीट, छायाचित्रे, ठरावीक वेळ यांची गरज पर्यटकाला असते. शब्बाथचा एकांत आणि सणाचा निवांतपणा यांची गरज समाजाला असते. दोन्हींचा मेळ घालणारा दुवा म्हणजे परतभेटीला येणारा वंशज. तो पाहायलाही येतो आणि प्रार्थनेलाही उभा राहतो. केवळ बाहेरच्या पर्यटकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली योजना हा दुवाच गमावण्याचा धोका पत्करते.

दुसरा धोका जमिनीचा आहे. मुंबईच्या सान्निध्यामुळे अलिबाग परिसरात जागांना मोठा भाव आला आहे. ज्या स्थळांची ओळख केवळ समाजाच्या स्मरणात आहे, म्हणजे एखादी लहान दफनभूमी, घाण्याची जागा, विहीर, जुने घर, ती या रेट्यात सर्वांत आधी नाहीशी होतात. मोठी सिनेगॉगे वाचतील. त्यांना अर्थ देणारा गावकुसाचा भूगोल वाचेलच, असे नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाला तो सर्वांत जवळचा आहे. पहिल्या पिढीचा पाहुणा गावात येऊन मराठीत बोलत असे. त्याला मार्गदर्शक लागत नसे. तिसऱ्या पिढीचा पाहुणा हिब्रू बोलतो, शेजारी मराठी बोलतो आणि दोघांच्या मध्ये इंग्रजी बोलणारा तिसरा माणूस उभा असतो. भाषा जाते तेव्हा भेटीचे सहलीत रूपांतर होते. काही कुटुंबांनी इस्रायलमध्ये आडनावेही बदलली. त्यांच्यापाशी गावाचा पत्ता सांगणारे ‘-कर’ही उरलेले नाही. अशा वेळी दफनभूमीवरील मराठी लेख, सिनेगॉगांची मराठी दप्तरे, मराठी हागादे, कीर्तनांच्या संहिता आणि समाजाची जुनी मराठी नियतकालिके यांचे महत्त्व वाढते. ती सूचिबद्ध होणे, वाचली जाणे आणि येणाऱ्या वंशजाला त्याच्या भाषेत समजावून सांगता येणे, हे काम विद्यापीठीय मराठी विभागांच्या आवाक्यातील आहे. हस्तलिखितांचे संपादन आणि लेखांचे वाचन यांचा पर्यटनाशी काय संबंध, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, मायदेशभेटीत पाहण्यासारखे जे असते ते वाचता आले तरच दिसते.

८. समारोप

स्कॉटलंडने २००९ मध्ये आणि आयर्लंडने २०१३ मध्ये जगभरच्या आपल्या वंशजांना घरी बोलावण्याचे वर्षभराचे उपक्रम केले. भारतातही २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. अशा उपक्रमांत परतणाऱ्याकडे मुख्यतः गुंतवणूक करणारा किंवा खर्च करणारा म्हणून पाहिले जाते. बेने इस्रायलांच्या कोकणभेटींचा इतिहास यापलीकडचा विचार करावयास लावतो. गाव सोडून गेलेल्यांनी मुंबईहून पैसा पाठवून, नवस फेडून, कबरी राखून आणि आजोबांचे घर विचारत फिरून एका किनारपट्टीला अर्थ दिला. तो अर्थच आज ‘वारसा’ या नावाने ओळखला जातो आणि पर्यटनाचे भांडवल ठरतो. हे भांडवल शासनाने निर्माण केलेले नाही, म्हणून ते शासनाच्या नोंदीत दिसत नाही. आणि नोंदीत दिसत नाही म्हणून त्याची झीजही लक्षात येत नाही.

या झिजेला आवर घालावयाचा असेल तर गणनेची पद्धत आणि योजनेचा रोख दोन्ही बदलावे लागतील. किती पर्यटक आले, याबरोबरच किती कुटुंबांना आपले गाव सापडले, किती लेख वाचले गेले आणि गावातील सिनेगॉगात वर्षातून किती वेळा दहा जण जमले, हेही विचारले गेले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जोवर शून्य होत नाही, तोवर नौगाव, खंडाळे आणि रेवदंडा ही केवळ प्रेक्षणीय स्थळे नसून कोणाचे तरी गाव आहेत, असे म्हणता येईल.